पाणी बघायला गेलेला मामा

माझी भाची प्राची विशाखापट्टणमला गेली नसती तर कोणाच्या पदरात काय पडलं असतं, ते आधी मांडतो. उमेदीची सगळी वर्षं दौंडच्या पतसंस्थेत घालवलेला माणूस आहे मी. जमेची बाजू मांडल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

निमोण्याच्या कुशाबाईला घरबसल्या रक्तदाब मोजून मिळाला असता. तिचे शेजारी हौसराव, ज्यांना शिंक आली तरी सलाईन लावून घ्यावंसं वाटतं, त्यांची हक्काची सोय झाली असती. माझ्या धाकट्या बहिणीला, सुषमाला, लेक हाकेच्या अंतरावर मिळाली असती. तिचे यजमान संपतराव यांना केडगावच्या स्थळाला ताठ मानेनं हो म्हणता आलं असतं; मुलगा कंपनीत, घर रस्त्याला, सगळं जमलेलं. आणि मी? दौंडचं जे नर्सिंग होम प्राचीला घ्यायला तयार होतं ते माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मी शुगरवाला, बायको बीपीवाली. शिवाय ‘आमची भाची आत आहे’ म्हणून रांग सोडून पुढं जायचा मान. साठी उलटल्यावर या मानाइतकं उपयोगी दुसरं काही नसतं.

ती गेली तर फायदा एकाच माणसाचा होता. प्राचीचा. पोरगी जीएनएम, म्हणजे शिकलेली नर्स, झाली होती आणि विशाखापट्टणमच्या एका मोठ्या इस्पितळानं तिला काचेत ठेवलेल्या बाळांच्या विभागात घेतलं होतं. अपुऱ्या दिवसांची, तळहातावर मावतील एवढी बाळं. तिला तेच काम हवं होतं, आणि ते शिकवणारं ठिकाण तेच होतं. एका बाजूला आम्ही सगळे, दुसऱ्या बाजूला ती. बेरीज करायची गरजच नव्हती.

बैठक निमोण्याला, सुषमाच्या घरच्या ओट्यावर बसली. कांद्याच्या गोण्यांना टेकून संपतरावांनी निकाल दिला.

“न इचारता गेलीस तर या दाराला परत यायचं न्हाई.”

“मग विचारते ना, पप्पा. जाऊ?”

“न्हाई.”

“बघा, विचारलं.”

संपतराव माझ्याकडं बघायला लागले. पोरगी शिकली की वडील मामाकडं का बघतात हे मला आजवर कळलेलं नाही. मधेच कुशाबाईनं बाही वर सारून दंड पुढं केला आणि प्राचीनं बोलता बोलता त्याला पट्टा गुंडाळला.

“तिकडं तिन्ही त्रिकाळ भातच खात्यात म्हणं,” कुशाबाई म्हणाली. “पोरगी सुजून यील. किती हाय गं माझं?”

“बोलू नका मावशी, वाढतंय.”

“आन् वादळं,” हौसराव म्हणाले. हौसरावांचा भाचा सुरतेला असतो, त्यामुळं हिंदुस्थानच्या सगळ्या किनाऱ्यांची माहिती त्यांच्याकडं असते. “तिकडं वारं सुटलं की पत्रं उडून रेल्वे टेशनात येत्यात. सुरतेला असं न्हाई.”

हा सगळा वेळ आण्णा, म्हणजे संपतरावांचे वडील, बाजेवर गप्प होते. आण्णांनी उभ्या आयुष्यात मेंढरं राखली. घोड्यावर बिऱ्हाड लादून दरसाल घाट उतरून कोकणात जायचे आणि परत यायचे. कालव्याचं पाणी आलं तेव्हा मेंढरं विकून घर बांधलं, कांदा केला, झेंडू केला. पण डोक्यातला तळ काही उठलेला नाही. त्यांनी घसा साफ केला.

“तळ हालवायचा तर आधी एक माणूस पुढं जातो,” ते म्हणाले. “पाणी बघतो, वारं बघतो, आन् माघारी यिऊन सांगतो. त्यानं बरं म्हटलं तर माणसं निघत्यात. मग जाणारा कवाबी परत येवो, त्याची जागा तशीच. पण पाणी न बघता जो गेला, त्याला तळावर जागा न्हाई. मेंढरागत माणसालाबी हेच.”

संपतरावांना दरवाजा बंद करायचा होता, आण्णांनी त्याला कडी बसवून दिली. आता पुढं कोण जाणार? संपतरावांची कांद्याची काढणी. हौसराव, जे आतापर्यंत किनारपट्टीचे जाणकार होते, त्यांना अचानक चक्कर आली आणि सलाईन लागेल का असं त्यांनी विचारलं. राहिलो मी. निवृत्त, गुडघे शाबूत, आणि दौंड जंक्शनवर राहणारा. जंक्शनवर राहणाऱ्या माणसाला कुठंही जायला आवडतं अशी लोकांची समजूत आहे.

आण्णांनी मला बाजेवर बसवून घेतलं. पाणी तोंडात धरायचं, लगेच गिळायचं नाही. वारं कुठून येतं ते बघायचं. कुत्री बघायची, कुत्री बसलेली असतील तर जागा बरी, उभी असतील तर नाही. आणि तिथल्या माणसाला विचारायचं, बाबा, तू इथनं का गेला न्हाईस? “आन् बाटलीत पाणी भरून आणायचं. मी बघनार.”

निघताना सुषमानं मला स्वयंपाकघरात ओढलं.

“दादा, पाणी खारट निघालं पायजे.”

“अगं, आधी बघू तर दे.”

“समुद्राकाठचं पाणी, त्यात बघायचं काय? तुलाबी म्हातारपणाला जवळ कुणी लागंल ना?”

बहिणीला माझी जमेची बाजू माझ्याइतकीच पाठ होती. मी मान हलवली. त्या मानहलवणीचा अर्थ हो असा घेतला गेला आणि मीही तो घेऊ दिला.

प्राचीला सोमवारी हजर व्हायचं होतं. मी शनिवारी निघून, बघून, माघारी येऊन सांगणार. तोवर तिचा सोमवार उलटून जाणार. हे साधं गणित बैठकीत कोणाला सुचलं नाही असं मी समजत होतो. ते सगळ्यांना सुचलं होतं, आणि म्हणूनच सगळे इतके खूश होते. प्राचीसुद्धा काही बोलली नाही. उलट, मला गाडीत बसवून द्यायला मीच जाते म्हणाली.

दौंडच्या फलाटावर ती एक मोठी बॅग घेऊन आली. मला वाटलं, माझी शिदोरी. एवढी मोठी शिदोरी बघून मला जरा भरून आलं. तिनं मला इंजिनाजवळच्या डब्यात बसवलं, पाण्याची बाटली दिली, पाया पडली आणि बॅग घेऊनच उतरली. शिदोरी द्यायची विसरली, असं म्हणून मी खिडकीतून ओरडतोय तोवर गाडी हलली.

कुर्डुवाडी गेली आणि फोन वाजला.

“मामा, गोळी घेतली का?”

“घेतली. पण तू शिदोरी घेऊनच उतरलीस की.”

“शिदोरी नाही, कपडे आहेत माझे. मी एस-नऊला आहे.”

“कुठल्या एस-नऊला?”

“ह्याच गाडीच्या. तुम्ही एस-एकला, मी एस-नऊला. तुम्ही पुढं, मी मागं. आण्णांचा नियम मोडलेला नाही. तुम्ही माझ्याआधी पोचणार, पाणी बघणार, आणि मग मी उतरणार. माघारी येऊन सांगायचं ते फोनवर सांगायचं.”

मी पतसंस्थेत भल्याभल्या कर्जदारांचे जबाब घेतले आहेत. पोटनियमातून इतकी सरळ वाट काढलेली मी पाहिली नव्हती.

तिला जाब विचारायला मी आठ डबे ओलांडायला निघालो. सध्या स्लीपरच्या डब्यातून चालणं म्हणजे दुसऱ्याच्या संसारातून चालणं. एका ठिकाणी एका बाईंनी झोळीतलं मूल माझ्याकडं दिलं आणि हात धुऊन आल्या. एका ठिकाणी मला तिकीट तपासनीस समजून तिघांनी जागा मागितली, आणि मी त्यातल्या एकाला सवयीनं “अर्ज करा” असं सांगूनही बसलो. एस-सहाच्या दारात कोणाची तरी पातळ भाजी माझ्या पांढऱ्या शर्टावर आली. एस-नऊला पोचलो तेव्हा माझ्यात जाब विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्राचीनं शर्टाकडं बघितलं.

“मामा, हे काय?”

“सांबार असावं,” मी म्हणालो. “म्हणजे दिशा बरोबर आहे.”

ती हसली. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. तेही जमलं नाही. तेवढ्यात संपतरावांचा फोन.

“पाव्हणं, पोरगी घरात न्हाई. तुमच्याबरबर हाय का?”

“बरोबर नाही,” मी म्हणालो. मी तिच्यासमोर उभा होतो, तरी तिकीट एस-एकचं होतं. “मागं आहे.”

त्यानंतर संपतराव जे बोलले त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच, की केडगावच्या मंडळींना परवा यायला सांगितलंय, पोरीला तिथनंच माघारी घिऊन या, आन् पाणी वाईट हाय ते आत्ताच सांगून टाका म्हंजी विषय मिटला.

“अहो, अजून सोलापूरसुद्धा आलं नाही.”

“मग काय झालं? सांगायचं तर हायेच. ते आत्ताच सांगा.”

इथं मला लागलं. बहिणीनं सांगितलं ते मायेपोटी, समजू शकतो. पण एकूण आकडा आधी सांगून खालची बेरीज माझ्याकडून करून घ्यायची? सबंध नोकरीत हे मी अध्यक्षांचंसुद्धा ऐकलं नाही, त्यापायी माझी बढती दोनदा अडली. आणि आता निवृत्तीनंतर, सांबार लावलेल्या शर्टात, मेहुण्याचं ऐकायचं?

“बघितल्यावर सांगेन,” म्हणून मी फोन ठेवला. फोन ठेवल्यावर छान वाटलं.

प्राची खिडकीबाहेर बघत होती.

“मामा, खरं तेच सांगा. वाईट वाटलं तर वाईट सांगा. फक्त बघून सांगा.”

“आणि वाईट सांगितलं तर?”

“तर मी राहीनच तिथं. घरी यायचं तेवढं बंद होईल.”

दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणमला मी नियमाप्रमाणं आधी उतरलो. पाच मिनिटांनी ती उतरली. मी कामाला लागलो. वारं: समुद्राकडून, ओलं, अंगाला चिकटणारं, अर्ध्या तासात माझा शर्ट सांबारासकट ओलाचिंब झाला. कुत्री: बसलेली. बसलेली काय, वाळूत आडवी झालेली. एकाच्या शेपटीवर माझा पाय पडला तरी त्यानं फक्त एक डोळा उघडला. इतकं समाधान मी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यात कधी पाहिलेलं नाही. राहिला माणसाला विचारायचा प्रश्न. तो मी इस्पितळाच्या फाटकावरच्या रखवालदाराला विचारला. तो ओडिशाचा निघाला.

“आप यहाँ से क्यूँ नहीं गये?”

“ड्यूटी आठ बजे खतम होगा,” तो म्हणाला, “तब जाएगा.”

पुढचा चहावाला. त्यानं प्रश्न नीट ऐकून घेतला, मग मला एक चहा दिला, आणि माझ्या मुलांनी मला घरातून काढलंय का असं हळू आवाजात विचारलं. अंगात मळका शर्ट, हातात पिशवी, प्रश्न असा. त्याची चूक नव्हती. त्यानं चहा फुकट दिला, त्यामुळं माणसं बरी अशी मी नोंद केली.

सोमवारी प्राची आत हजर व्हायला गेली आणि मी तिच्या हॉस्टेलच्या नळाचं पाणी घ्यायला. तोंडात धरून बघितलं. नक्की सांगता येईना. खारट म्हणावं तर खारट नाही, गोड म्हणावं तर तसं म्हणवत नव्हतं. म्हटलं, हे आण्णांनीच ठरवावं. बाटली सांडायला नको म्हणून जवळची औषधाची रिकामी छोटी बाटली विसळून भरून घेतली. नळ जुना असावा, पाण्याला किंचित पिवळी झाक होती.

ती बाटली उजेडाकडं धरून बघत बघत मी प्राचीला शोधायला इस्पितळात शिरलो. एका मदतनीस बाईनं माझ्याकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, आणि अदबीनं माझा दंड धरून मला एका खिडकीपाशी नेऊन उभं केलं. पुढं मोठी रांग. सगळ्यांच्या हातात तसल्याच बाटल्या. मी थक्क झालो. केवढी व्यवस्था! माणसं आपापल्या घरचं पाणी तपासायला आणतात, आणि हे तपासून देतात! आमच्या तालुक्यात पाण्याच्या एका नमुन्यासाठी काय काय करावं लागतं ते मला माहीत आहे. मी रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या मुलानं नाव विचारलं, वय विचारलं. शुगर आहे का विचारलं. पाण्यासाठी माणसाची शुगर कशाला, असं मनात आलं. पण सरकारी असो वा खाजगी, रकाना असला की भरायचा, हा माझा धर्म. आहे म्हणालो. किती वर्षं? पंधरा. त्यानं हातमोजे घालून बाटली घेतली आणि मी बाकावर बसलो.

तासाभरानं माझ्या नावाचा पुकारा झाला. आतून एक डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला.

“अंकल, पंधरा साल शुगर, और इतना साफ सँपल! मैंने कभी नहीं देखा. आप क्या खाते हैं?”

साखर नाही, पू नाही, जंतू नाहीत. सगळं त्या कागदावर होतं, वर माझं नाव आणि माझं वय. भोवतालचे रुग्ण माझ्याकडं आदरानं बघत होते. काय झालंय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मी आयुष्यात जेवढ्या वेगानं कुठल्या इमारतीतून बाहेर पडलो नसेन तेवढ्या वेगानं पडलो.

प्राची फाटकापाशी भेटली. गळ्यात ओळखपत्र. ऐकल्यावर ती जमिनीवर बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. रखवालदारानं तिला मुलगी समजून मला रागे भरलं.

संध्याकाळी निमोण्याला फोन लावला. तिकडं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवलेला होता. मागं कुशाबाई खोकताना ऐकू येत होती आणि केडगावची मंडळी असल्यामुळं कपबशा वाजत होत्या.

“पाणी कसं हाय?” आण्णांचा आवाज.

सुषमाचं स्वयंपाकघर आठवलं. माझ्या दोन गल्ल्या आठवल्या, माझा मान आठवला. एक शब्द, ‘खारट’, एवढाच बोलायचा होता. समोर प्राची उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, मुद्दाम रस्त्याकडं बघत होती.

“तपासून घेतलंय, आण्णा. बाटली त्यांनीच ठेवून घेतली, कागद आहे माझ्याकडं. काही दोष नाही.”

“पाव्हणं!” संपतराव.

“गप रं. कुत्री?”

“बसलेली.”

“माणसं?”

“चहा पाजतात.”

“आन् तिथं गेली का ती?”

“आजच हजर झाली. मी आधी पोचलो, आण्णा. पाच मिनिटं आधी.”

मग आण्णा म्हणाले, “पुढं माणूस गेलाय. बरं म्हणतोय. पोरीची जागा हाय.” आणि फोन बंद झाला. प्राचीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि ओढणीनं पुसून परत दिला. पुसण्यासारखं त्याला काही लागलेलं नव्हतं.

माझं पुढं जे झालं ते काय सांगावं! सुषमा माझ्याशी बोलेना. केडगावच्या मंडळींची समजूत काढायला मलाच पाठवलं, कारण मीच घोळ घातला होता. तिथं पोहे खात मी शरमून बसलो होतो, तर मुलाची आई म्हणाली, “मुलाचं राहू द्या. आमची धाकटी नर्सिंगलाच हाय. तिलाबी चेन्नईचं बोलावणं हाय. तुम्ही पाणी बघून येता व्हय?”

आठ महिन्यांनी प्राची रजेवर आली. संपतराव दौंडला माझ्या घरी येऊन बसले, गाडीची वेळ दोनदा विचारली, आणि स्टेशनवर गेल्यावर एक शब्द न बोलता तिची बॅग खांद्यावर घेतली. निमोण्याला कुशाबाई बाही वर सारून दारातच उभी होती. हौसरावांना चक्कर आली होतीच.

“पाणी बरं हाय ना गं खरंच?” आण्णांनी विचारलं.

“कसलं बरं! मचूळ. पहिला महिना पोट धरून ड्युटी केली मी.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हौसरावांना चक्कर कशी आहे ते विचारलं.

“मग सांगितलं का न्हाईस?” सुषमा कळवळली.

“कशाला? तुम्ही घ्यायला आला असता.” ती खोचून म्हणाली, आणि वर तांब्याभर घरचं पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचं पोट बिघडलं. निमोण्याच्या पाण्यानं. दुपारपर्यंत पोरगी बाजेवर पडून होती आणि गाव तिला सलाईनचे सल्ले देत होतं.

आण्णा उशाशी येऊन बसले. तिच्या कपाळावर हात ठेवून सुषमाला म्हणाले, “घरचं पाणी पचंना झालं हिला. तळ हाल्ला.” मग प्राचीला म्हणाले, “आता तिकडनं हिकडं येताना पाणी बघत जा, पोरी.”

प्राची डोळे मिटूनच म्हणाली, “येणार. दर सुट्टीला येणार. पोट बिघडलं तरी येणार.”

आता हिशेब. कुशाबाईनं सुट्टीभर रक्तदाब मोजून घेतला, हौसरावांनी एक सलाईन पदरात पाडून घेतली, संपतरावांनी न बोलता माघार घेतली, त्यामुळं त्यांचं काही गेलं असं म्हणता येत नाही. मी चेन्नईला जाणार आहे. माझं नाव झालं, म्हणजे मीसुद्धा जमेतच. भरलं ते एकट्या प्राचीनं. तिकडचं पाणी पिऊन एकदा, आणि इकडचं पिऊन एकदा.